पेंग्विनचं माळवद

केप टाऊनहून सोलापूरला परतलो तर आत्याचा पहिला प्रश्न, "बर्फ लई होता का रे?" मी मोबाईलवरचा फोटो पुढं केला. पांढरी वाळू, डिसेंबरातलं कडक ऊन (तिकडं तेव्हा उन्हाळा असतो) आणि झुडपाखाली चोच उघडी टाकून धापा टाकणारा पेंग्विन. मे महिन्यात अंगणातली कोंबडी करते, तस्सा.

सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स किनाऱ्यावर फळ्यांची पायवाट आहे. तिच्यावर पाय ठेवला आणि आधी आला वास, सुक्या मासळीसारखा. मग आवाज. हुबेहूब गाढव! मी खरंच मागं वळून पाहिलं. हा आफ्रिकन पेंग्विन, उंची जेमतेम दोन फूट, वजन तीन किलोच्या आसपास. १९८२ साली इथं दोनच जोड्यांनी घरटी केली, त्यातून ही वस्ती वाढली.

हातभर अंतरावरून बघताना नजर खिळते ती डोळ्यावरच्या गुलाबी कातडीवर. तिथं पिसं नसतात. अंग तापलं की रक्त या उघड्या कातडीकडं जास्त धावतं, हवा लागून निवतं. म्हणून ऊन वाढेल तशी ती गडद गुलाबी होत जाते. बाकी अंगावर दाट, एकावर एक बसलेली पिसं. गार समुद्रात ती ऊब धरतात, पण काठावर आलं की भर उन्हात पांघरलेलं घोंगडंच. आणि वर्षातून एकदा ती सगळी एकदम झडतात. नवी येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, पाण्यात उतरता येत नाही. मासे नाहीत, कडकडीत उपास. असा एकजण दगडाकडं तोंड करून उभा होता, फाटक्या गादीतून कापूस निघाल्यासारखा.

अशा उन्हात अंडी कशी टिकायची? पूर्वी बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर असत. त्यात बीळ खोदून पेंग्विन आत, गारव्यात अंडी घालत. पण ही विष्ठा म्हणजे एक नंबरचं खत. १८४०च्या दशकात नामिबियाजवळच्या इचाबो बेटावर ती खरवडून न्यायला शेकडो जहाजं लोटली. पुढं इतर बेटांचंही तेच झालं. घरटी उघड्यावर आली. ऊन सोसेना की आईबाप समुद्राकडं धावतात आणि मागं कुरव पक्षी अंड्यांवर टपलेले असतात. सार्डिन आणि अँचोव्ही मासे कमी झाले, ते वेगळंच. २०२४ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. आपल्या नान्नजचा माळढोक त्या यादीत २०११ पासून आहे.

मग माणसांनी त्यांना फायबरग्लासची घरटी करून दिली. ती आतून तापायची. म्हणून अलीकडं दुहेरी थराची, सिरॅमिकची ठेवतात.

आत्याचं लहानपण मंगळवेढ्याकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जाड, गार छताच्या घरात गेलेलं. "म्हणजे माळवद पाडून वर पत्रे घातले म्हण की," ती म्हणाली आणि दोन बोटांनी फोटो ताणून त्याचा डोळा बघत बसली.