पत्रकथा

एका पत्रापायी माणसाचे आयुष्य पालटते, अशी लघुकथा. पत्रांतूनच उलगडणारी पत्रात्मक कादंबरी वेगळी. इथे बहुधा एकच पत्र असते. स्वस्त टपालाच्या काळात हा प्रकार बहरला. भारतात १८५४ मध्ये, अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा दर ठरला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. पत्र गरिबालाही परवडू लागले, म्हणून टपालाची वाट पाहणारा गरीब कथेचा नायक झाला.

पत्र टाकल्यापासून मिळेपर्यंतचे दिवस हा या कथांचा खरा प्राण. त्यामुळे थोर पत्रकथांत पत्र पोहोचतच नाही, किंवा फार उशिरा पोहोचते. अंतोन चेखव यांच्या ‘वान्का’मध्ये (१८८६) मॉस्कोत एका चांभाराकडे राबणारा नऊ वर्षांचा पोरका मुलगा नाताळच्या आदल्या रात्री ‘मला इथून घेऊन जा’ असे आजोबांना लिहितो आणि पाकिटावर पत्ता घालतो, ‘गावी, आजोबांना’. पत्र पेटीत पडते, मूल आशेने झोपी जाते. अपुऱ्या पत्त्यासाठी हे शब्द रशियनमध्ये म्हणीसारखे रुळले.

गुजराती कथाकार धूमकेतू (गौरीशंकर गोवर्धनराम जोशी, १८९२–१९६५) यांची ‘पोस्ट ऑफिस’ या प्रकारातली सर्वांत हृदयस्पर्शी कथा म्हणावी लागेल. लग्न होऊन पंजाबात गेलेल्या आपल्या मुलीच्या, मरियमच्या पत्रासाठी म्हातारा अली वर्षानुवर्षे रोज पहाटे टपालघरात येऊन बसतो. सगळे त्याला वेडा ठरवतात, पोस्टमास्तर त्याला झिडकारतो. पुढे पोस्टमास्तरचीच मुलगी परगावी आजारी पडते. तिच्या खुशालीसाठी टपाल चाळताना त्याच्या हाती अलीच्या नावाचे पाकीट येते. पण अली तोवर गेलेला असतो, आणि पत्र त्याच्या कबरीवर ठेवावे लागते. म्हणजे पत्र बदलते ते ज्याच्या नावे आले त्याला नव्हे, तर ज्याच्या हातून जायचे होते त्याला.

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘स्त्रीर पत्र’मध्ये (१९१४) मात्र लिहिणारीच बदललेली असते. लग्नाला पंधरा वर्षे झालेली मृणाल पुरीहून नवऱ्याला पहिलेच पत्र लिहिते. मायना रीतसर ‘श्रीचरणकमलेषु’. ‘तीर्थरूप’ लिहीत आलेल्या मराठी वाचकाला त्यातली नम्रता ओळखीची वाटेल. शेवटी सही करताना ती स्वतःला त्याच चरणांचा आश्रय तुटलेली म्हणवते.