अकरा महिन्यांच्या कागदाचं मूळ: खान्देशातल्या छोट्या घरमालकाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार. यांपैकी कुठल्याही गावात प्लॉटच्या कॉलन्यांमधून फिरलं की एकच रचना दिसते. खाली मालक, वर किंवा मागच्या बाजूला दोन-चार खोल्या, जिन्याला वेगळं लोखंडी दार आणि त्यावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी. मालक कधी निवृत्त शिक्षक, कधी एसटी किंवा रेल्वेतला कर्मचारी, कधी रावेर-यावलकडच्या केळीच्या पैशातून शहरात जागा घेतलेला शेतकरी. भाडेकरू घर सोडत नाही, भाडं वाढत नाही, वीजबिलावरून रोज वाद होतात, अशा त्याच्या तक्रारी. त्या ऐकायला आजच्या वाटल्या तरी त्यांची मुळं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कायद्यात आणि त्यातून लागलेल्या सवयींत आहेत. भाडेकरूशी अकरा महिन्यांचाच करार करायचा, ही अशीच एक जुनी सवय.

भाड्याच्या खोलीची गरज इथे रेल्वे आणि कापसाने आणली. १८६० च्या दशकात लोहमार्ग आला आणि भुसावळ रेल्वेचं गाव झालं. जळगावात खान्देश मिल आणि अमळनेरात प्रताप मिल उभी राहिली. शेतात राबणारी माणसं पगारावर आली आणि पगारदाराला खोली लागते. पुढे भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचं वीजकेंद्र, जळगावची एमआयडीसी, १९९० चं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि १९९८ मध्ये झालेला नंदुरबार जिल्हा यांनी हीच मागणी वाढवत नेली.

युद्धकाळात शहरांत घरांची टंचाई झाली तेव्हा मुंबई प्रांताने भाड्यावर नियंत्रण आणलं. त्यातला शेवटचा आणि सर्वांत जास्त टिकलेला कायदा १९४७ चा, ज्याला बोलीत ‘बॉम्बे रेंट ॲक्ट’ म्हणतात. ‘प्रमाणित भाडं’ हा त्याचा गाभा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, साधारणपणे तेच पुढेही धरायचं. कायदा तात्पुरता म्हणून आला होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक चालला. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांकडे भाडेहक्क जायचा. त्यामुळे मालकाची तिसरी पिढी भाडेकरूच्या तिसऱ्या पिढीकडून आजोबांच्याच दराने भाडं घेत होती.

याचा सर्वांत मोठा फटका घरांना बसला. खान्देशातली जुनी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची. धाब्यावर दरसाल पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या लाकडाला पाणी लागतं. वर्षभराचं भाडं एका डागडुजीलाही पुरेना, म्हणून मालकाने हात आखडता घेतला. भाडेकरूला घर सोडणं परवडत नव्हतं आणि दुसऱ्याच्या घरावर खर्चही करवत नव्हता. बाजारपेठेतल्या गाळ्यांत पागडी आली. नियंत्रित भाड्यातून जे मिळत नव्हतं, ते पावतीविना एकरकमी घेतलं जाऊ लागलं.

इथे खान्देशच्या भूगोलाची एक गंमत आहे. खान्देश मुंबई प्रांतात, म्हणून इथे मुंबईचा कायदा. मुक्ताईनगर ओलांडून मलकापुरात गेलं की वऱ्हाड, तिथे मध्य प्रांताचा भाडे-नियंत्रण आदेश. अजिंठ्याच्या बाजूला सोयगावात निजामी राज्याच्या वारशातला हैदराबादचा कायदा. काही कोसांच्या आत मालक-भाडेकरूचं नातं तीन वेगवेगळ्या नियमांनी चालायचं. नात्यागोत्यातून आलेला सल्ला म्हणूनच कित्येकदा चुकीचा निघे. पलीकडच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याने जे केलं ते इथे लागूच नसायचं.

मालकांनी या कायद्यातून काढलेली पळवाट म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’. म्हणजे जागा भाड्याने नाही, फक्त वापरायला दिली. पण १९७३ च्या दुरुस्तीने ही वाटही अडवली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्याला भाडेकरूच मानलं गेलं. कागदावर ‘लायसन्स’ लिहूनही हातची जागा गेली, हा धसका जुन्या मालकांच्या मनातून आजही गेलेला नाही. ‘रिकामी राहिली तरी चालेल, पण द्यायची नाही’ असं म्हणून मुलाच्या लग्नापर्यंत कुलूप लावून ठेवलेले वरचे मजले त्याच धसक्यातून आले आहेत.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की, १९४० ला गोठवलेलं भाडं आता समर्थनीय राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तिन्ही विभागांचे कायदे एक झाले. जुन्या जागांच्या भाड्याचा आधार १ ऑक्टोबर १९८७ चं भाडं अधिक ५ टक्के असा धरला गेला आणि दरवर्षी ४ टक्के वाढीला मुभा मिळाली. अर्थात जुनं भाडं महिना ४० रुपये असेल तर ४ टक्के म्हणजे १ रुपया ६० पैसे. पेठेतल्या जुन्या भाडेकरूचा प्रश्न या कायद्याने सोडवला नाही, सौम्य केला इतकंच.

नव्याने जागा देणाऱ्यासाठी मात्र सगळं बदललं. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं आणि लेखी करार हा तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. त्याचबरोबर कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोडून काढणं मालकावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तरीही आज निम्म्या गल्लीत काय चालतं? स्टँपपेपरवर टाइप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा कागद. अकराच का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा सालोसाल चालणारा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून वर्षाच्या एक महिना आत थांबायचं. कलम ५५ नंतर या हिशोबाला अर्थ उरला नाही. पाच महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. वाद उभा राहिल्यावर मालकाला हे कळतं, तोवर कलम २४ ची जलद वाट अवघड झालेली असते आणि दिवाणी न्यायालयातली लांबची वाट धरावी लागू शकते.

खर्च म्हणाल तर नोंदणी टाळण्यासारखा तो नाहीच. समजा भाडं ६,००० रुपये, मुदत ११ महिने, परत करायचं डिपॉझिट ३०,०००. एकूण भाडं ६६,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं ११ महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज ६८,७५० आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण १७२ रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे घरबसल्या ऑनलाइन होतं. पाव टक्क्याचा हा दर साठ महिन्यांपर्यंत चालतो. तेव्हा दर अकरा महिन्यांनी फी भरण्यापेक्षा वाढीचं कलम घालून दोन-तीन वर्षांचा करार केलेला स्वस्त पडतो.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही म्हण मात्र पूर्ण चुकीची आहे. मालकाच्या परवानगीने राहणारा कितीही वर्षं राहिला तरी त्याचा ताबा विरोधी, म्हणजे मालकी मिळवून देणारा, ठरत नाही. त्या भीतीपोटी चांगल्या भाडेकरूला दर तीन वर्षांनी घालवण्यात एक-दोन महिने खोली रिकामी राहते, आणि एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातले आठ टक्के. समजा २५ लाखांच्या फ्लॅटचं भाडं ७,००० आहे. वर्षाला ८४,०००, म्हणजे भांडवलावर साडेतीन टक्केही नाहीत. विद्यार्थ्यांच्या खोल्या तर उन्हाळ्यात ओस पडतात आणि जूनला भरतात. कॉलेजलगतच्या खोल्यांचा हिशोब दहा महिन्यांवरच मांडावा.

विजेचा वाद हा खान्देशी उन्हाळ्याचा वाद आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की प्रत्येक खोलीत कूलर रात्रभर चालतो. चार खोल्यांत प्रत्येकी ९० युनिट वापर असेल आणि मीटर वेगवेगळे असतील, तर चौघेही महावितरणच्या पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यात राहतात. एकच मीटर असेल तर ३६० युनिटांतले २६० वरच्या महाग टप्प्यांत जातात. कुणीच जास्त वापरत नाही, तरी सगळ्यांनाच जास्त बिल येतं, आणि मालक नफा काढतो असा संशय येतो. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा लागतो, पण भांडण मिटतं. घरगुती मीटरवर भाडेकरूने मेस किंवा शिकवणी सुरू केली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराची आकारणी येऊ शकते, आणि बिल मालकाच्या नावावर असतं. थकलेल्या भाड्यापोटी वीज किंवा पाणी तोडायला मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मनाई आहे. ते करणारा मालक हातातला खटला स्वतःच बिघडवतो.

दुरुस्तीचं दुखणं जमिनीतच आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा देते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतीला तिरक्या चिरा जातात, फरशी बसते आणि संडासाच्या पाइपाचे सांधे सुटतात. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर तो स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. जोत्याभोवती दोन-तीन फुटांची फरसबंदी करून पाणी बाहेर काढून दिलं, तर यातलं बरंच टळतं.

गाळा देणाऱ्यांसाठी १० ऑक्टोबर २०२४ पासून एक गोष्ट बदलली आहे. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू दुकानदार नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा कर उलट पद्धतीने भाडेकरूने भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या, दुकानदाराला हे लागू नाही. जुन्या करारांत याचा उल्लेख नसतो आणि दुकानदार हा कर भाड्यातून कापू पाहतो, म्हणून भाडं ‘करासह’ की ‘कराव्यतिरिक्त’ हे लिहून ठेवावं लागतं.

आणखी एक अडचण वारसांची. वडिलांच्या नावावर घर आहे, लायसन्सचा करार त्यांनीच केलेला आहे, आणि ते गेले. लायसन्स ही देणाऱ्याने दिलेली परवानगी असल्याने त्याचा जागेवरचा हक्क संपला की तीही संपते. उताऱ्यावर चार भावंडांची नावं लागेपर्यंत नवा करार कोणी करायचा हे ठरत नाही, भाडं जो घरी राहतो तो घेत राहतो आणि भाडेकरू कागदाविना राहत असतो. अशा वेळी सगळ्या वारसांनी एकाला कुलमुखत्यारपत्र देऊन, त्याच्यामार्फत नवा करार नोंदवून घ्यायचा असतो.