फ्लुओरोक्विनोलोन

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आदी संश्लेषित प्रतिजैविकांचा वर्ग. पेनिसिलिन बुरशीने दिले. हे रेणू मात्र रसायनशाळेतच घडले, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ते प्रतिजैविक ठरत नाहीत. व्यवहारात तो भेद कोणी पाळत नाही.

मलेरियावरील क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थावरून जॉर्ज लेशर व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल पुढे आणले. त्याचा उपयोग मुख्यतः मूत्रमार्गाच्या संसर्गापुरता होता. पुढे सांगाड्याच्या सहाव्या जागी फ्लुओरीन व सातव्या जागी पायपेरॅझिनचे कडे बसवल्यावर नॉरफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाले.

डीएनएची प्रत निघताना पुढच्या भागात पीळ साचत जातो. तो सोडवण्यासाठी गायरेज हे जिवाणूचे विकर (एन्झाइम) डीएनएचे दोन्ही धागे कापते, फटीतून दुसरा भाग पलीकडे ओवते आणि काप सांधते. त्याचेच भावंड असलेले टोपोआयसोमरेज-४ तयार प्रती एकमेकींतून सोडवते. औषध कापणे आणि सांधणे यांच्या मधल्या क्षणी आत शिरते. काप उघडाच राहतो, डीएनएचे तुकडे पडतात आणि जिवाणू मरतो.

औषधाची पकड असते मॅग्नेशियमच्या एका आयनावर आणि त्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंवर. (धातू धरण्याच्या याच खोडीमुळे अँटासिडबरोबर घेतलेली गोळी रक्तात नीट उतरत नाही.) ई. कोलाय या जिवाणूच्या गायरेजमधील ८३ व्या जागेचे सेरीन हे अमिनो आम्ल या पाण्याला धरून असते. तिथे ल्युसीन हे दुसरे अमिनो आम्ल आले की पकड सुटते, विकराचे काम मात्र चालू राहते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला पुरते दाद न देण्यासाठी सहसा असे आणखी बदल लागतात, अनेकदा टोपोआयसोमरेज-४ मध्येही. शिवाय पेशीच्या बाह्यपटलातली छिद्रे कमी करणे आणि आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकणे हे मार्ग आहेतच.

कृत्रिम औषधावरचा रोध, म्हणजे त्याला दाद न देण्याची क्षमता, प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या सुट्या, छोट्या कड्यावरून) एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणार नाही, अशी आशा बराच काळ होती. १९९८ मध्ये क्लेब्सिएला या जिवाणूत तसे प्लाझ्मिड सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरील क्यूएनआर जनुकाचे प्रथिन गायरेजला औषधापासून वाचवते. त्याहून चतुर उदाहरण नंतर आढळले. अमिनोग्लायकोसाइड या दुसऱ्या वर्गातली प्रतिजैविके निकामी करणाऱ्या एका जुन्या विकरात दोनच अमिनो आम्ले बदलली आणि ते सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या पायपेरॅझिनमधील मोकळ्या नायट्रोजनलाही ॲसिटिल गट चिकटवू लागले. लेव्होफ्लॉक्सॅसिन यातून सुटते, कारण त्याच्या त्या नायट्रोजनवर मिथिल गट आधीच बसलेला असतो.