१५क्यू द्विगुणन लक्षणसमूह

पंधराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील १५क्यू११.२ ते १३.१ हा सुमारे ५० लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या लांबीची एकके) खंड पेशींमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळा असल्यामुळे होणारा दुर्मीळ विकासविकार. पालक आणि डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘डुप फिफ्टीन क्यू’ या नावाने येतो. हाच खंड गळाला तर, तो वडिलांकडचा होता की आईकडचा यानुसार, अनुक्रमे प्रॅडर-विली किंवा एंजेलमन हे वेगळे विकार होतात.

द्विगुणन दोन प्रकारचे असते. पहिल्यात जास्तीचा खंड पंधराव्या गुणसूत्रातच जोडलेला असतो. गुणसूत्रे ४६च राहतात, खंडाच्या प्रती मात्र तीन होतात. दुसऱ्यात दोन खंड आरशातल्या प्रतिबिंबासारखे जुळून एक छोटे सत्तेचाळिसावे गुणसूत्र बनते, प्रती चार होतात आणि लक्षणे सहसा अधिक तीव्र असतात. मेंदूतील चेतापेशींत या खंडातील यूबीई३ए हे जनुक मुख्यतः आईकडून आलेल्या प्रतीवरूनच कार्य करत असल्यामुळे आईकडचे द्विगुणन जास्त बाधक ठरते. ‘आईकडून’ हा शब्द घरात दोषारोपासारखा ऐकला जातो, म्हणून येथे स्पष्ट करणे भाग आहे: सत्तेचाळिसावे गुणसूत्र जवळजवळ नेहमीच बीजनिर्मितीच्या वेळी नव्याने तयार होते आणि गरोदरपणातील खाण्यापिण्याचा किंवा वागण्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

बाळ अंगाने ढिले असते, दूध ओढताना दमते, मान उशिरा धरते. बसणे, चालणे, बोलणे लांबते. पुढे बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता बऱ्याच मुलांत दिसते. इंदूरच्या मराठी घरांत यावर एक ठरलेले उत्तर असते: ‘घरात मराठी, गल्लीत हिंदी, पोर गोंधळतंय; मामासुद्धा उशिराच बोलला होता.’ दोन भाषा कानावर पडल्याने वाचाविकासात विकार होत नाही, आणि या समजुतीपायी तपासणीची मोलाची वर्षे जातात.

अपस्मार हा सर्वांत गंभीर भाग आहे. झोपेतून उठताना तान्हे मूल क्षणभर मान व कंबर पुढे झुकवून हात फाकते, थांबते आणि काही सेकंदांनी पुन्हा तसेच करते. घरी त्याला दचकणे किंवा पोटातला वायू समजतात; प्रत्यक्षात ते बालझटके असू शकतात. मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण उपचाराला उशीर झाल्यास विकास आणखी मागे पडतो.

निदानासाठी रक्ताची क्रोमोझोमल मायक्रोअॅरे तपासणी (गुणसूत्रांतील कमी-जास्त झालेले खंड शोधणारी) करतात. अतिरिक्त खंड स्वतंत्र गुणसूत्र म्हणून आहे की जोडलेला, हे पाहण्यास कॅरिओटाइप किंवा फिश ही सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहण्याची तपासणी लागते, तर खंड कोणाकडून आला हे मेथिलेशन तपासणीतून कळते. मूळ दोष दूर करणारा उपचार नाही. झटक्यांवर औषधे, फिजिओथेरपी, वाचोपचार आणि चित्रे दाखवून संवाद यांवर भर असतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांना मान्यता आहे. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र विकाराच्या नावापेक्षा या अक्षमतांच्या आधारे मागावे. पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी आईवडिलांची गुणसूत्र तपासणी करून घेतात, कारण जोडलेले द्विगुणन कधीकधी लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य लक्षणांच्या पालकाकडूनही आलेले असते.