टाइल्स रात्रभर भिजवायच्या? सगळ्या नाही

कळंब्यात परवा कामावर गेलो तर मालकीणबाईंनी हॉलच्या सगळ्या विट्रिफाइड टाइल्स टाकीत बुडवून ठेवलेल्या, म्हणाल्या सासऱ्यांनी सांगितलंय, भिजवल्याशिवाय धरत नाहीत. कोल्हापुरात हे घरोघरी ऐकतो.

हे खरं होतं, पण जुन्या सिरॅमिकसाठी. बाथरूमच्या भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांवर पाणी पिते, कोरडी लावली की सिमेंटमधलं पाणीच ओढून घेते, मग माल कच्चा राहतो आणि टाइल सुटते. विट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, मग भिजवून तिच्यात जाणार काय? उलट मागं पाण्याचा थर राहतो आणि त्यानंच पकड जाते. मी एक उचलून दाखवली, पाठीवरून पाणी नुसतं ओघळत होतं. तिची पाठ ओल्या फडक्यानं पुसा, धूळ आणि पांढरी पावडर गेली पाहिजे, आणि साध्या सिमेंटऐवजी ॲडेझिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार माल, वापरा.

ॲडेझिव्हवर लावणार असाल तर सिरॅमिकपण भिजवू नका.

आणि फरशी पोकळ वाजते ती बहुतेक वेळा मधे मालाचे चार गोळे टाकून बसवल्यामुळं, म्हणून मिस्त्रीला दातेरी थापीनं माल कडेपर्यंत पसरायला सांगा, आणि सुरुवातीला एखादी टाइल उचलून मागं माल सगळीकडं लागलाय का ते स्वतः बघा.