व्हिएतनामी मुळा-गाजराचं लोणचं कुरकुरीत का राहतं?

बान्ह मी हे व्हिएतनामी सँडविच उघडलं की मांस किंवा टोफूच्या शेजारी कोथिंबीर, मिरची आणि पांढऱ्या-नारिंगी काड्यांचा थर दिसतो. या काड्या म्हणजे ‘डो चुआ’, मुळा-गाजराचं व्हिनेगरमधलं लोणचं. तांदळाच्या शेवयांवर आणि भाजलेल्या मांसासोबतही ते असतंच. तेलकट, खारट घासाला आंबटगोड उतारा देणं हे त्याचं काम, आणि ते करताना दाताखाली कुरकुरलं पाहिजे. आपलं कैरीचं लोणचं मीठ आणि तेलावर टिकतं. इथे तेल अजिबात नाही आणि मीठही जेमतेम, त्यामुळे सगळी भिस्त आम्लावर आहे. कुरकुरीतपणा मात्र व्हिनेगर ओतण्याच्या आधीच ठरून जातो.

300 ग्रॅम पांढरा मुळा आणि 200 ग्रॅम गाजर सोलून साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या, बोटभर लांब काड्या करा. किसणी वापरू नका. किसलेल्या भाजीच्या असंख्य पेशी फाटतात आणि लोणचं लगेच लिबलिबीत होतं. मुळा कोवळा आणि जड निवडा. आतून पोकळ झालेला मुळा काहीही केलं तरी चांगला लागत नाही.

आता काड्यांवर 10 ग्रॅम मीठ (सपाट दोन चमचे) आणि तेवढीच साखर घालून हाताने तीन-चार मिनिटं चोळा आणि अर्धा तास ठेवा. मुळ्यात सुमारे 95 टक्के पाणी असतं. बाहेर मीठ-साखरेचं दाट द्रावण तयार झालं की परासरणामुळे पेशींतलं पाणी पटलातून बाहेर येतं. पेशींचा आतला दाब उतरतो आणि काडी मऊ पडते, पण पेशीभित्ती आणि त्यांना जोडून ठेवणारं पेक्टिन शाबूत राहतं. पुढे कुरकुरीतपणा येतो तो या भित्तींमुळे. पाण्याने फुगलेल्या पेशी आक्रसल्यामुळे त्याच जागेत आता जास्त भित्ती दाटीने बसलेल्या असतात. काडी पुरेशी मुरली का, हे पाहायला तिची दोन टोकं एकमेकांना टेकवा. न मोडता टेकली तर झालं, मोडली तर आणखी दहा मिनिटं थांबा. मग काड्या दोन पाण्यांनी धुवा आणि घट्ट पिळून घ्या. भाजीचं आकारमान सुमारे पाव हिश्श्याने कमी झालेलं दिसेल.

ही पायरी गाळली तर बरणीत काय होतं? तेच पाणी हळूहळू खारात उतरतं, व्हिनेगर पातळ होतं, चव बेचव होते आणि लोणचं लवकर खराब होतं.

खारासाठी 150 मिली कोमट पाण्यात 80 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम मीठ विरघळवा. ते गार झालं की 250 मिली पांढरं व्हिनेगर मिसळा. बाटलीवर ॲसेटिक आम्लाचं प्रमाण 4 टक्के किंवा जास्त आहे ना, हे आधी बघून घ्या. एक लिटरच्या स्वच्छ काचेच्या बरणीत काड्या भरून खार ओता. काड्या पूर्ण बुडल्या पाहिजेत. खार गरम ओतू नका, उष्णतेने पेक्टिन सैल होतं आणि आधीचे सगळे कष्ट वाया जातात. ॲल्युमिनियम किंवा तांब्याचं भांडं टाळा, आम्ल त्यांना खातं. तासाभरात लोणचं खाता येतं, पण खरी चव दुसऱ्या दिवशी लागते. फ्रीजमध्ये ते तीन-चार आठवडे चांगलं राहतं.

आंबटपणा जास्त वाटला तर व्हिनेगर कमी न करता साखर वाढवा. खाराचा पीएच (आम्लता दाखवणारा अंक, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.6 च्या बराच खाली असणं ही सुरक्षिततेची अट आहे. त्याच्या वर, हवाबंद बरणीत, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. वरच्या प्रमाणात पीएच या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो.

बरणी उघडल्यावर येणारा उग्र वास पाहून अनेकजण लोणचं फेकून देतात. ते खराब झालेलं नसतं. मुळा चिरताना त्यातलं मायरोसिनेज हे विकर आणि ग्लुकोसिनोलेट संयुगं एकत्र येतात आणि मुळ्याचा तिखट आयसोथायोसायनेट बनतो. हा पदार्थ पाण्यात टिकत नाही. त्याच्या विघटनातून मिथेनथायॉलसारखी गंधकयुक्त संयुगं सुटतात. बरणी दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवली की वास उडून जातो. खाराला कालांतराने येणारी पिवळी झाकही याच विघटनाची. ती गाजराची नाही, कारण गाजराचं कॅरोटिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बुळबुळीतपणा, बुरशी किंवा सडका वास आला तर मात्र सगळी बरणी फेकावी.

व्हिएतनाममध्ये व्हिनेगर न घालता आंबवलेली लोणचीही तितकीच रोजची आहेत. तिथे मोहरीचा जाड देठांचा पाला वापरतात. 1 किलो पाला अर्धा दिवस उन्हात सुकवून मऊ करतात, दोन-तीन इंचांचे तुकडे करतात आणि 30 ग्रॅम मीठ व 10 ग्रॅम साखर घातलेल्या 1 लिटर पाण्यात कांद्याच्या पातीसह बुडवतात. पाणी उकळून कोमट केलेलं घ्यावं. पाला बुडाला नाही तर मीठ-साखर त्याच प्रमाणात घेऊन पाणी वाढवा आणि वरून स्वच्छ वजन ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

इथे आम्ल जिवाणू स्वतः बनवतात. आधी ल्युकोनोस्टॉक कामाला लागतो, आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम ताबा घेतो. मीठ फार कमी पडलं तर सडवणारे जिवाणू पुढे निघतात, फार झालं तर आंबणंच रेंगाळतं. साखर सढळ घातली की ल्युकोनोस्टॉक तिच्यापासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतो आणि खार तार धरतो. तीस अंशांच्या आसपासच्या हवेत तीन-चार दिवसांत हिरवा पाला पिवळसर होतो: आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. वर आलेली पातळ पांढरी साय बहुधा यीस्टची असते, ती काढून टाकावी. रंगीत, लोकरीसारखी बुरशी दिसली तर सगळं टाकून द्यावं.

यात घाई करू नये. पालेभाजीत नायट्रेट भरपूर असतं आणि पहिल्या दिवसांत काही जिवाणू त्याचं अपायकारक नायट्राइट करतात. आंबटपणा चढत गेला की ते पुन्हा घटतं. म्हणून अर्धवट आंबलेला, अजून हिरवट आणि उग्र लागणारा पाला खाऊ नये.

मध्य व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या सणाला आणखी एक प्रकार होतो. मुळा, गाजर, कच्ची पपई उन्हात चिवट होईपर्यंत वाळवतात आणि मासळीचा खारा रस व साखर उकळून, गार करून त्यात मुरवतात. तिथे पाणी आधीच उन्हाने काढलेलं असतं, आणि मीठ-साखरेमुळे उरलेलं पाणी जिवाणूंच्या हाती लागत नाही.

डो चुआ संपल्यावर उरलेल्या खारात नव्या काड्या घालू नका. पहिल्या भाजीने त्यातलं आम्ल शोषलेलं असतं आणि आपलं पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला प्रमाण पुरत नाही. त्याच दिवशी काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीवर तो दोन चमचे घालून मात्र छान लागतो.