बासच्या आमिषांचे रंग कसे ठरत गेले

इंदूरमध्ये गळ टाकण्याचा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींच्या पिशवीत आता कणकेच्या गोळ्यांच्या जोडीला रंगीत कृत्रिम आमिषेही असतात. या आमिषांचे रंग आणि त्यांविषयीचे बहुतेक नियम उत्तर अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशाभोवती घडले. माळव्याच्या तलावांत बास नाही. तरी ‘निवळ पाण्यात फिका, गढूळ पाण्यात गडद’ हा तिकडचा दंडक आमिषांबरोबर इथे येऊन पोहोचला आहे.

आरंभी रंगाला फारसे स्थानच नव्हते. व्हर्मांटच्या ज्यूलिओ ब्युएल यांनी 1852 मध्ये ज्या फिरत्या आमिषाचे पेटंट घेतले, त्याची सारी भिस्त धातूच्या चकाकीवर होती. मिशिगनमधील जेम्स हेडन यांनी 1890 च्या दशकात लाकडी बेडूक कोरला आणि पुढे त्यांच्या कारखान्यातून रंगवलेली लाकडी आमिषे बाहेर पडू लागली. लाल डोके आणि पांढरे अंग ही जोडी तेव्हापासून आजतागायत टिकून आहे, वास्तविक तसा दिसणारा मासा गोड्या पाण्यात शोधूनही सापडायचा नाही. रंगांची निवड त्या काळात रंगाऱ्याच्या हातात होती, आणि माशापेक्षा गिऱ्हाइकाची नजर आधी सांभाळली जात होती, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

खरा पसारा वाढला तो प्लास्टिकमुळे. ओहायोतील अक्रनच्या निक क्रीम यांनी 1949 मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ घडवला. लाकडावर रंग चढवावा लागे. प्लास्टिकमध्ये तो मुळातच मिसळता येऊ लागला आणि त्यात चमकीचे कणही घालता आले. ‘ग्रीन पम्पकिन’ नावाचा आजचा लोकप्रिय गांडूळ उजेडासमोर धरला, तर शेवाळी-तपकिरी अर्धपारदर्शक अंगात विखुरलेले काळे ठिपके दिसतात. तोच ओंजळभर पाण्यात टाकला की तळाच्या रंगात जवळजवळ मिसळून जातो.

मासा स्वतः काय पाहतो, याची तपासणी मात्र स्वतंत्र वाटेने चालली होती. इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी 1937 मध्ये प्रयोगांवरून असे मांडले की, बासची रंगदृष्टी पिवळसर काचेतून पाहणाऱ्या माणसासारखी असावी. ओक्लाहोमा विद्यापीठातील लॉरेन हिल यांच्या कामावरून 1980 च्या दशकात एक यंत्रही विकायला आले. दोरीने पाण्यात सोडलेला त्याचा प्रकाशग्राहक उजेड मोजी आणि निवळ, डहुळ व गढूळ अशा तीन पट्ट्यांवरून काटा रंग सुचवी. पुढे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बासच्या डोळ्यांत सुमारे 535 आणि 614 नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या आणि लाल प्रकाशाला, सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, आढळल्या. लाल आणि हिरवा हे रंग बास नेमके ओळखतो. पोपटी-पिवळ्याची पांढऱ्याशी आणि निळ्याची काळ्याशी मात्र त्याची गफलत होते. पोपटी आणि पांढरे अशी दोन्ही आमिषे आवर्जून बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डोळ्याचे हे निष्कर्ष बासपुरते आहेत, मरळ किंवा शिंगाळ्यावर ते जसेच्या तसे लादता येत नाहीत. पाण्याचा नियम मात्र सगळीकडे सारखा चालतो. निवळ पाण्यात लाल प्रकाश आधी शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खाली लाल आमिष काळपट दिसते. कुजलेल्या पाल्याने डहुळलेल्या पाण्यात उलट निळा प्रकाश आधी नाहीसा होतो. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेल्या, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या यशवंत सागरात पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ उतरतो, तेव्हा रंगाच्या छटेपेक्षा आमिषाची ठळक आकृती आणि पाण्याला बसणारा हादरा अधिक कामाचा ठरतो. पाणी किती निवळले आहे ते पाहण्यासाठी इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये वापरलेली युक्ती, म्हणजे पांढरी तबकडी दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडणे, आजही पुरते. अर्थात, गळ टाकण्यापूर्वी तिथली परवानगी पाहावी.

मरळीसाठी पाणवनस्पतींवरून ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम बेडकाच्या बाबतीत तर पाठीवरचे नक्षीकाम जवळपास गैरलागू आहे. मासा खालून पाहतो. त्याला दिसते ती आकाशाच्या उजेडासमोरची काळी आकृती आणि पोटाचा रंग. म्हणूनच संध्याकाळी काळ्या पोटाचा बेडूक निवडण्याला आधार आहे, तर पाठीवरचे हिरवे-पिवळे पट्टे बहुतांशी दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी असतात.